बहुपुटिकीय पिंड

बहुपुटिकीय पिंड हे दृश्यकेंद्रकी सजीवांच्या पेशींमध्ये आढळणारे एक पेशीअंगक आहे. एका पटलाने वेढलेली पिशवी आणि तिच्या पोकळीत दाटीवाटीने भरलेल्या अनेक सूक्ष्म पुटिका, असे याचे स्वरूप असते. इंग्रजीतील ‘मल्टिव्हेसिक्युलर बॉडी’ या संज्ञेवरून हे नाव आले आहे. पेशीने बाहेरून आत घेतलेल्या आणि पेशीतच तयार झालेल्या प्रथिनांची येथे वर्गवारी होते. कोणते प्रथिन मोडीत काढायचे, कोणते पुन्हा वापरात आणायचे आणि कोणते पेशीबाहेर पाठवायचे, हे ठरण्याच्या मार्गावरील हा महत्त्वाचा टप्पा आहे.

या पिंडापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. तो लयकारिकेशी एकरूप झाला, तर आतील पुटिका व त्यांतील द्रव्य यांचे पचन होते. तो पेशीपटलाशी एकरूप झाला, तर त्याच पुटिका अखंड अवस्थेत पेशीबाहेर पडतात. अशा बाहेर पडलेल्या पुटिकांना एक्सोसोम म्हणतात. बीजांडापासून चेतापेशीपर्यंत आणि यीस्टपासून वनस्पतींपर्यंत विविध पेशींमध्ये बहुपुटिकीय पिंड आढळले आहेत.

## शोधाचा इतिहास

बहुपुटिकीय पिंड साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे पातळ छेद पाहता येऊ लागले, तेव्हा पिशवीत पिशव्या असलेली ही रचना प्रथम लक्षात आली. १९५९ साली सोतेलो आणि पोर्टर यांनी उंदराच्या बीजांडाच्या अभ्यासात तिचे वर्णन केले. रचना दिसली तरी तिचे कार्य मात्र त्या वेळी स्पष्ट झाले नव्हते.

१९५५ साली क्रिस्तियाँ द द्यूव यांनी लयकारिकेचा शोध जाहीर केला. पाचक विकरांनी भरलेले हे अंगक पेशीत असल्याचे कळल्यावर, पेशीने गिळलेले पदार्थ तेथपर्यंत कसे पोहोचतात हा प्रश्न पुढे आला. बाहेरून आत घेतलेल्या पदार्थांचा मागोवा घेताना ते बहुपुटिकीय पिंडांत साचल्याचे दिसू लागले. त्यामुळे हे पिंड म्हणजे लयकारिकेकडे जाणाऱ्या वाटेवरील थांबा होय, असे मत रूढ झाले.

या मताला धक्का देणारे निरीक्षण १९८३ साली समोर आले. अमेरिकेतील सेंट लुईस येथील हार्डिंग, ह्यूझर आणि स्टाल यांनी उंदराच्या, तर कॅनडातील माँट्रियाल येथील पॅन आणि जॉनस्टोन यांनी मेंढीच्या रक्तातील अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास केला. या पेशी हिमोग्लोबिन तयार करण्यासाठी ट्रान्स्फेरिन या वाहक प्रथिनाकडून लोह घेतात आणि त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर विशिष्ट ग्राही प्रथिने असतात. पेशी पक्व झाली की ही ग्राही प्रथिने नाहीशी होतात. ती पेशीतच मोडून टाकली जात असावीत, हा तोवरचा तर्कसंगत अंदाज होता. प्रत्यक्षात ती बहुपुटिकीय पिंडांतील पुटिकांवर गोळा होऊन, पिंड पेशीपटलाशी एकरूप झाल्यावर, पुटिकांसह बाहेर टाकली जात होती. १९८७ साली रोझ जॉनस्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाहेर पडणाऱ्या पुटिकांसाठी ‘एक्सोसोम’ हे नाव वापरले.

तरीही पुढील सुमारे दहा वर्षे एक्सोसोमकडे पेशीने टाकून दिलेला केर म्हणूनच पाहिले गेले. १९९६ साली ग्रासा रापोसो व सहकाऱ्यांनी दाखवले की, बी-लसीकापेशींनी सोडलेले एक्सोसोम प्रतिजनाचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मिरवतात आणि टी-लसीकापेशींना उद्दीपित करू शकतात. २००७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे यान लॉटवाल यांच्या गटाने एक्सोसोममध्ये संदेशवाहक आरएनए व सूक्ष्म आरएनए असल्याचे आणि त्यांतील संदेशवाहक आरएनएपासून दुसऱ्या पेशीत प्रथिन तयार होऊ शकते असे दाखवले. टाकाऊ म्हणून दुर्लक्षित राहिलेली पुटिका पेशींमधील संवादाचे एक साधन ठरू शकते, ही कल्पना त्यानंतर दृढ झाली.

## रचना

बहुपुटिकीय पिंडाचा व्यास साधारणतः पाव ते एक मायक्रोमीटर असतो. त्याच्या बाह्य आवरणाला सीमापटल आणि आतील पुटिकांना अंतर्पुटिका म्हणतात. अंतर्पुटिकांचा व्यास बहुधा ४० ते १५० नॅनोमीटर असतो. १ नॅनोमीटर म्हणजे १ मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय.

एंडोसोम या अंगकांच्या मालिकेत बहुपुटिकीय पिंडाचे स्थान मधले आहे. पेशीपटलाचा भाग आत वळून तयार झालेल्या पुटिका प्रथम आद्य एंडोसोममध्ये मिसळतात. आद्य एंडोसोम परिपक्व होत असताना त्याच्या आत पुटिका वाढत जातात, त्याच्यावरील रॅब५ या प्रथिनाची जागा रॅब७ हे प्रथिन घेते आणि आतील द्रव अधिकाधिक आम्लधर्मी होतो. आद्य एंडोसोममध्ये सामू सुमारे ६ ते ६.५ असतो, लयकारिकेपर्यंत तो ४.५ ते ५ इतका उतरतो. या आम्लतेमुळे अनेक ग्राही प्रथिने आपण पकडून आणलेला रेणू सोडून देतात.

अंतर्पुटिकांची दिशा समजून घेणे येथे आवश्यक आहे. या पुटिका सीमापटल आतल्या बाजूस फुगून तयार होतात. त्यामुळे त्यांच्या पोटात पेशीद्रवाचा अंश अडकतो आणि प्रथिनांचा मुळात पेशीबाहेर डोकावणारा भाग पुटिकेच्याही बाहेरच्या बाजूस राहतो. म्हणूनच एक्सोसोमच्या पृष्ठभागाची ठेवण मूळ पेशीच्या पृष्ठभागासारखी असते आणि त्याच्या आत त्या पेशीच्या पेशीद्रवाचा नमुना असतो. रक्तातील एक्सोसोमवरून तो सोडणाऱ्या पेशीची माहिती मिळवता येईल, ही अपेक्षा याच वैशिष्ट्यावर आधारलेली आहे.

## प्रथिनांची निवड

एंडोसोममध्ये आलेल्या सर्व प्रथिनांची पुढील गत सारखी नसते. उदाहरणार्थ, कमी घनतेचे मेदप्रथिन आत आणणारे ग्राही प्रथिन आपला भार एंडोसोममध्ये उतरवून पेशीच्या पृष्ठभागावर परत जाते आणि पुन्हा पुन्हा वापरले जाते. याउलट, पेशीला वाढीचा संकेत देणारे ‘ईजीएफ ग्राही’ हे प्रथिन संकेत दिल्यावर बहुधा अंतर्पुटिकेत ढकलले जाते आणि नष्ट होते.

ही निवड करताना पेशी युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाचा खुणेसारखा वापर करते. ज्या पटल-प्रथिनाच्या पेशीद्रवातील टोकाला ही खूण जोडली जाते, ते अंतर्पुटिकेत जाण्यास पात्र ठरते. युबिक्विटिनची खूण पेशीद्रवातील प्रथिनांच्या विघटनासाठीही वापरली जाते. त्या प्रक्रियेच्या शोधाबद्दल आरोन सिकानोव्हर, अव्राम हर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

ईजीएफ ग्राही प्रथिनाला अंतर्पुटिकेत बंद करण्याचे महत्त्व त्याच्या रचनेत आहे. या प्रथिनाचे संकेत देणारे टोक पेशीद्रवात असते. ते सीमापटलावरच राहिले, तर पिंडात पोहोचल्यावरही ते टोक पेशीद्रवात उघडे राहील आणि वाढीचा संकेत चालूच राहील. अंतर्पुटिका तयार झाली की ते टोक तिच्या पोटात बंद होते. म्हणजे प्रथिनाचे पचन होण्याआधीच त्याचा आवाज बंद होतो. काही कर्करोगांमध्ये हे प्रथिन बंदिस्त होण्याची क्रिया मंदावते, आणि पेशींना वाढीचा संकेत आवश्यकतेपेक्षा जास्त काळ मिळत राहतो.

## अंतर्पुटिकांची निर्मिती

### एस्कर्ट यंत्रणा

अंतर्पुटिका तयार करणाऱ्या प्रमुख यंत्रणेचा उलगडा यीस्टच्या अभ्यासातून झाला. यीस्टमध्ये लयकारिकेचे काम रिक्तिका करते. प्रथिने रिक्तिकेपर्यंत नीट न पोहोचवणारे अनेक उत्परिवर्ती वाण शोधण्यात आले आणि १९९२ साली त्यांचे पेशीरचनेनुसार सहा गट पाडण्यात आले. त्यांपैकी ‘ई’ गटातील वाणांमध्ये रिक्तिकेशेजारी एंडोसोमचा एक फुगलेला, विकृत कप्पा दिसे. स्कॉट एम्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटातील जनुकांचा पाठपुरावा करून २००१ आणि २००२ साली त्यांच्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनसंकुलांचे वर्णन केले. या संकुलांना एकत्रितपणे एस्कर्ट म्हणतात. या शोधाबद्दल एम्र यांना २०२१ चा शॉ पुरस्कार देण्यात आला.

एस्कर्टची चार संकुले क्रमाने काम करतात.

- एस्कर्ट-० : एंडोसोमच्या पटलावरील विशिष्ट फॉस्फोमेदाला चिकटते आणि युबिक्विटिनची खूण असलेली प्रथिने एका जागी गोळा करते.
- एस्कर्ट-१ आणि एस्कर्ट-२ : गोळा झालेली प्रथिने धरून ठेवतात आणि पटलाला आतल्या बाजूस कळीसारखा फुगवटा आणण्यास मदत करतात.
- एस्कर्ट-३ : फुगवट्याच्या मानेपाशी सर्पिलाकार तंतू तयार करून ती मान आवळते आणि पुटिका वेगळी करते.

पुटिका सुटण्यापूर्वी विशेष विकरे युबिक्विटिनची खूण काढून घेतात. त्यामुळे युबिक्विटिन पचून वाया न जाता पुन्हा वापरता येते. शेवटी व्हीपीएस४ हे प्रथिन एटीपीची ऊर्जा खर्च करून एस्कर्ट-३ चे तंतू उलगडते आणि त्यांचे घटक पेशीद्रवात मोकळे करते. हे प्रथिन निकामी झाले, तर एस्कर्टचे घटक पटलावरच अडकून राहतात आणि सर्व यंत्रणा थांबते. २०१० साली वोलर्ट आणि हर्ली यांनी शुद्ध केलेली प्रथिने व कृत्रिम मेदपटल वापरून ही प्रक्रिया पेशीविना, प्रयोगशाळेत घडवून दाखवली.

पेशीतील इतर बहुतेक पुटिका पेशीद्रवाच्या दिशेने सुटतात; त्यांची मान बाहेरून, गळ्याभोवती फास आवळावा तशी तोडता येते. अंतर्पुटिका मात्र पेशीद्रवापासून दूर जाणाऱ्या असल्याने त्यांची मान आतूनच तोडावी लागते. एस्कर्ट-३ हे काम करते. याच क्षमतेमुळे पेशीविभाजनाच्या शेवटी दोन कन्यापेशींना जोडणारा दुवा तोडणे, फाटलेले पेशीपटल सांधणे आणि केंद्रकाचे आवरण बंद करणे या कामांतही ही यंत्रणा भाग घेते.

### एस्कर्टविना निर्मिती

एस्कर्टची प्रमुख प्रथिने काढून टाकली तरी काही सस्तन पेशींमध्ये अंतर्पुटिका तयार होत राहतात. २००८ साली मिकाएल सिमन्स यांच्या गटाने दाखवले की, चेतातंतूंचे आवरण तयार करणाऱ्या पेशींमध्ये सेरामाइड हा मेद पटलाला वाकवून पुटिका निर्माण करू शकतो. रंजककणांच्या निर्मितीत सीडी६३ हे पटल-प्रथिन अशीच एस्कर्टनिरपेक्ष भूमिका बजावते. म्हणजेच एका पिंडातील सर्व अंतर्पुटिका एकाच पद्धतीने तयार झालेल्या असतात, असे गृहीत धरता येत नाही.

## पचनाचा मार्ग

लयकारिकेकडे जाणारा पिंड पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून वाहून नेला जातो. रॅब७ व त्याला जोडणारी ‘हॉप्स’ ही प्रथिनसंहती पिंडाला लयकारिकेच्या जवळ बांधते आणि स्नेअर प्रथिने दोन्ही पटले एकमेकांत मिसळतात. पुटिकांच्या वाहतुकीमागील अशा यंत्रणेच्या शोधाबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडॉफ यांना २०१३ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

एकरूपतेनंतर अंतर्पुटिका विकरांच्या संपर्कात येऊन विरघळतात, पण सीमापटल मात्र सुरक्षित राहते. सीमापटलाच्या आतील बाजूस शर्करायुक्त प्रथिनांचा दाट थर असतो. तो विकरांपासून त्याचे रक्षण करतो. अंतर्पुटिकांवर असा थर नसतो आणि त्यांच्यातील विशिष्ट मेदांमुळे पचनाला मदतच होते. पचनातून मिळालेली अमिनो आम्ले व इतर घटक पेशी पुन्हा वापरते.

## उत्सर्जनाचा मार्ग

पेशीपटलाकडे जाणाऱ्या पिंडांच्या वाहतुकीत रॅब११, रॅब२७ आणि रॅब३५ या प्रथिनांचा सहभाग दिसून आला आहे. २०१० साली क्लोटिल्ड तेरी यांच्या गटाने मानवी हेला पेशींमध्ये रॅब२७ चे दोन्ही प्रकार कमी केले असता एक्सोसोमचे उत्सर्जन घटते, असे दाखवले. कोणती प्रथिने कोणत्या पेशीत निर्णायक ठरतात, हे पेशीच्या प्रकारानुसार बदलते.

एखादा पिंड पचनाकडे जाणार की उत्सर्जनाकडे, हे त्याच्यावरील प्रथिने, मेदांचे प्रमाण आणि पेशीची स्थिती यांवर अवलंबून असते. या दोन वाटा एकमेकींशी बांधलेल्या आहेत. लयकारिकांची आम्लता औषधाने कमी केली की अनेक पेशी अधिक पुटिका बाहेर टाकू लागतात. पचनाची वाट अडली की बाहेरची वाट अधिक वापरली जाते.

पेशीबाहेर आढळणारी प्रत्येक पुटिका एक्सोसोम नसते. पेशीपटलापासून थेट सुटणाऱ्या पुटिका तसेच मरणाऱ्या पेशींचे तुकडेही रक्तात असतात आणि आकाराने त्यांपैकी काही एक्सोसोमइतकेच असतात. एकदा मिसळल्यावर त्यांचे मूळ ओळखणे कठीण असते. त्यामुळे पुटिकेचा उगम बहुपुटिकीय पिंडातच झाला हे सिद्ध केलेले नसल्यास ‘पेशीबाह्य पुटिका’ ही व्यापक संज्ञा वापरावी, अशी शिफारस या विषयातील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत करण्यात आली आहे.

## विशेष पेशींमधील रूपे

- प्रतिजन सादर करणाऱ्या पेशी : बी-लसीकापेशी व वृक्षिका पेशींमध्ये प्रतिजनाचे तुकडे एमएचसी वर्ग-२ प्रथिनांवर बसवण्याचे काम बहुपुटिकीय स्वरूपाच्या कप्प्यांत चालते.
- रंजकपेशी : त्वचा व केसांना रंग देणारे रंजककण बहुपुटिकीय एंडोसोमपासून घडतात. पीमेल या प्रथिनाचे तंतू अंतर्पुटिकांच्या पृष्ठभागावर आकार घेतात आणि पुढे त्या तंतूंवर मेलॅनिन साचते.
- रक्तबिंबिका : रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या अल्फा कणिका, अस्थिमज्जेतील महाकेंद्रक पेशींमध्ये, बहुपुटिकीय पिंडांच्या टप्प्यातून तयार होतात.
- वनस्पती : वनस्पतींमध्ये हे पिंड रिक्तिकेकडे जाणाऱ्या प्रथिनांचा पूर्वटप्पा असतात. २०१८ साली अराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या अभ्यासात, तिने बाहेर सोडलेल्या पुटिकांमधून सूक्ष्म आरएनए बॉट्रायटिस या रोगकारक बुरशीत पोहोचून तिची रोगकारकता कमी करतो, असे आढळले.

## रोगांशी संबंध

एचआयव्ही या विषाणूला पेशीतून बाहेर पडताना आपल्या आवरणाची मान तोडावी लागते. त्यासाठी लागणारी प्रथिने त्याच्यापाशी नाहीत. २००१ साली असे आढळले की, विषाणूचे गॅग प्रथिन एस्कर्ट-१ मधील टीएसजी१०१ या घटकाला पकडते आणि पेशीचीच यंत्रणा राबवून घेते. टीएसजी१०१ नसल्यास विषाणू तयार होतात, परंतु बहुसंख्य पेशीपटलाला लोंबकळत राहतात. बृहद्भक्षक पेशींमध्ये हा विषाणू बहुपुटिकीय पिंडांतच जुळवला जातो असे काही काळ मानले गेले. तेथील पोकळ्या पेशीपटलाच्याच खोल घड्या आहेत, असे नंतरच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले.

एस्कर्ट-३ मधील सीएचएमपी२बी या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तनामुळे एका डॅनिश कुटुंबात आनुवंशिक स्मृतिभ्रंश झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. या रोगात मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांचा ऱ्हास होतो. चेतापेशी आयुष्यभर टिकणाऱ्या असतात आणि बहुधा विभाजित होत नाहीत. त्यामुळे निकामी प्रथिने दूर करण्यातील किरकोळ बिघाडही त्यांच्यात कालांतराने साचत जातो. प्रिऑन या विकृत प्रथिनांचा एक भाग एक्सोसोमसोबत पेशीबाहेर पडतो, असेही संवर्धित पेशींमध्ये दिसले आहे.

## वैद्यकीय उपयोग आणि मर्यादा

रक्त, मूत्र, लाळ आणि दूध यांत पेशीबाह्य पुटिका आढळतात. शस्त्रक्रियेने ऊती न काढता, या द्रवांतील पुटिकांवरून कर्करोगासारख्या आजारांचे निदान करण्याच्या पद्धतींवर संशोधन चालू आहे. २०११ साली ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी एक्सोसोममध्ये आरएनए भरून तो रक्तावाटे उंदरांच्या मेंदूपर्यंत पोहोचवला. तेव्हापासून औषधवाहक म्हणून त्यांचा विचार होत आहे.

उपचार म्हणून त्यांचा वापर अद्याप सिद्ध झालेला नाही. वृक्षिका पेशींपासून मिळवलेल्या एक्सोसोमची फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर चाचणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या निष्कर्षांत आधी ठरवलेले मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नव्हते. दुसरीकडे, त्वचा, केस, सांधे आणि इतर तक्रारींसाठी ‘एक्सोसोम’ या नावाने अनेक उत्पादने विकली जाऊ लागली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर सूचना काढून, आपण अशा एकाही उत्पादनाला मान्यता दिलेली नसल्याचे स्पष्ट केले. नेब्रास्का राज्यात अशी अमान्य उत्पादने दिलेल्या रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाल्याच्या नोंदी त्यामागे होत्या.

पुटिकेत काय भरले आहे हे ती सोडणाऱ्या पेशीवर आणि त्या पेशीच्या तत्कालीन अवस्थेवर अवलंबून असते. निरोगी पेशीच्या पुटिकेप्रमाणेच कर्कपेशीची आणि विषाणुबाधित पेशीची पुटिकाही एक्सोसोमच असते. त्यामुळे केवळ ‘एक्सोसोम’ या नावावरून एखादे द्रव्य हितकारक की अहितकारक, हे ठरत नाही.

## हे सुद्धा पहा

- पेशी
- लयकारिका
- गॉल्जी संकुल
- युबिक्विटिन
- पेशीपटल